परिषदेत छायाचित्रे काढण्यापूर्वीची तयारी

परिषदेत छायाचित्रे काढली जाणार असतील, तर त्यांची तयारी नोंदणी अर्ज बनवतानाच सुरू करावी. छायाचित्र, ध्वनिचित्रमुद्रण आणि समाजमाध्यमांवरील प्रसिद्धी यांसाठी अर्जात वेगवेगळी संमती विचारावी, कारण अहवालात आपला चेहरा छापलेला ज्याला चालतो, त्याला तो इंटरनेटवर कोणालाही सापडणे चालेलच असे नाही. होकाराच्या चौकोनात आधीच खूण करून ठेवू नये. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमांनुसार तर अशी आयती खूण संमती मानलीच जात नाही आणि संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे लागते. नकाराचे कारण मात्र विचारू नये. छळ करणाऱ्यापासून आपला ठावठिकाणा लपवून जगणाऱ्या व्यक्तीला नोंदणीच्या टेबलापाशी, रांगेसमोर, खुलासा करायला लावणे क्रूरपणाचे आहे.

नकार देणाऱ्यांच्या ओळखपत्राला वेगळ्या रंगाची फीत द्यावी. लाल आणि हिरव्यातला फरक प्रत्येकाला दिसत नाही, म्हणून तिच्यावर ठळक चिन्हही छापावे. सभागृहात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरचा भाग राखून ठेवावा, पण तिथून पडदा नीट दिसला पाहिजे. खांबामागच्या खुर्च्या देऊन नकाराची शिक्षा करू नये.

छायाचित्रकाराला या खुणा आदल्या दिवशीच समजावून द्याव्यात आणि फ्लॅश व शटरचा आवाज बंद ठेवण्यास सांगावे. समूहछायाचित्राची घोषणा आधी करून बाजूला होऊ इच्छिणाऱ्यांना निवांत वेळ द्यावा.

वक्त्यांकडून त्यांच्या स्लाइडचे फोटो चालतील का, हे लेखी घ्यावे. अप्रकाशित निष्कर्ष असतील तर मनाईची खूण पहिल्याच नव्हे, प्रत्येक स्लाइडवर असावी, कारण श्रोते उशिराही येतात. रुग्णाने आपले छायाचित्र व्याख्यानात दाखवण्यास दिलेली संमती श्रोत्यांच्या मोबाइलपर्यंत पोहोचत नाही, हे सत्राध्यक्षांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

प्रसिद्धीपूर्वी प्रत्येक चित्राची पार्श्वभूमी तपासावी: उघडे लॅपटॉप, फळ्यावरचा मजकूर, वाचता येणारी ओळखपत्रे. फाइलमधली स्थळाची नोंदही काढून टाकावी. चित्र हटवण्याची विनंती कोणाकडे करायची, ते नाव व ईमेल कार्यक्रमपत्रिकेत छापावे, आणि त्या व्यक्तीला संकेतस्थळ, समाजमाध्यमे व मूळ संग्रह या तिन्ही ठिकाणांहून चित्र काढण्याचा अधिकार परिषदेआधीच देऊन ठेवावा.