जहाजाला अपघात झाल्यावर या चुका टाळा

ब्रिटनच्या पाण्यात अपघात झाला की एमएआयबीचा, म्हणजे तिथल्या सागरी अपघात तपास शाखेचा इन्स्पेक्टर जहाजावर चढू शकतो. आपली पोरं त्याला पोलीस समजतात आणि तिथूनच सगळं बिघडत जातं.

पहिली चूक व्हीडीआर, म्हणजे जहाजाच्या ब्लॅक बॉक्समधलं रेकॉर्डिंग, सेव्ह न करण्याची. मी सेकंड मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी असताना आम्ही इंग्लंडमधल्या हंबर नदीच्या मुखाबाहेर नांगरावर होतो. रात्री वारा वाढला, नांगर घसरला आणि आम्ही शेजारच्या जहाजाला घासलो. त्याआधी अर्ध्या तासात मी कॅप्टनना दोनदा विचारलं होतं, "सर, इंजिन स्टँडबाय घेऊ का?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "थांब." ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतल्या माइकने ते टिपलं होतं. पण त्या जुन्या व्हीडीआरमध्ये १२ तासांचंच रेकॉर्डिंग राहायचं, आणि सगळे ऑफिसच्या फोनला लागलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी इन्स्पेक्टर आला तेव्हा त्यावर चहाच्या कपांचा आवाज आणि एजंटशी झालेलं बोलणं एवढंच उरलं होतं. माझ्या बाजूचा एकमेव साक्षीदार आम्हीच पुसून टाकला.

१ जुलै २०१४ पासून बसवलेल्या व्हीडीआरच्या अपघातातही टिकणाऱ्या कॅप्सूलमध्ये ४८ तास आणि आतल्या मेमरीत ३० दिवस रेकॉर्डिंग राहतं. तरी त्या भरवशावर बसू नका. मी जॉइन झालो की पहिल्याच वॉचला, म्हणजे पाळीला, सेव्हचं बटण शोधतो आणि शेजारी लाल टेप लावतो. अपघात झाला तर आधी सेव्ह, मग वेळ लिहायची, मग फोन.

दुसरी चूक, "मी गप्पच बसणार." ब्रिटनच्या १९९५च्या मर्चंट शिपिंग अॅक्टच्या कलम २५९ खाली इन्स्पेक्टर तुम्हाला बोलावू शकतो, उत्तरं द्यायला लावू शकतो आणि ती खरी असल्याच्या निवेदनावर सही घेऊ शकतो. सबळ कारण नसताना नकार दिलात तर तो गुन्हा. मात्र अशी सक्तीने घेतलेली उत्तरं तुमच्याविरुद्ध किंवा तुमच्या नवऱ्या-बायकोविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. अपवाद एकच, जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं सांगितलंत तर त्या खोट्याचा खटला. म्हणून मेसमध्ये बसून "सगळ्यांनी एकच सांगायचं" हे ठरवणं मला सहन होत नाही. व्हीटीएसकडे, म्हणजे किनाऱ्यावरून जहाजांच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या केंद्राकडे, तुमचा ट्रॅक आधीच असतो; जे संरक्षण कायद्याने दिलंय ते पोरं स्वतःच्या हाताने घालवतात. जबाबाच्या वेळी सोबत कुणाला बसवायचं ते तुम्ही सुचवू शकता. तेवढा हक्क जरूर वापरा.

समोर पोलीस किंवा एमसीएचा, म्हणजे ब्रिटनच्या सागरी व तटरक्षक संस्थेचा, कारवाई करणारा अधिकारी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वकिलाशिवाय तोंड उघडू नका. आधी ओळखपत्र बघा. आणि दुसऱ्या देशाच्या बंदरात हेच संरक्षण मिळेल असं धरून चालू नका.

लॉगबुक नव्याने लिहू नका. चुकलं तर एक रेघ, शेजारी सही. चार्टवरची पेन्सिल खोडू नका, व्हॉट्सअॅपचे मेसेज पुसू नका. तुटलेला दोर साफसफाईच्या नादात समुद्रात फेकू नका. दोन्ही टोकं पिशवीत बांधून कुलुपात ठेवा.