तलावाचे पाणी पुन्हा पुन्हा हिरवे होते? या चुका टाळा

जलतरण तलाव हिरवा पडला की बहुतेक जण क्लोरीनच्या गोळ्या वाढवतात, आणि नेमकी तीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या सहसा ट्रायक्लोर या क्लोरीनयुक्त संयुगाच्या असतात. त्यांच्यातून १० पीपीएम (दशलक्ष भागांत १० भाग) क्लोरीन पाण्यात उतरले की त्याबरोबर सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिडही उतरते. हे अ‍ॅसिड क्लोरीनचे उन्हापासून रक्षण करते, म्हणून उघड्यावरच्या तलावात ते ३० ते ५० पीपीएम असावे. परंतु क्लोरीन खर्च होऊन जाते, अ‍ॅसिड मात्र साचत राहते, आणि ते जितके वाढते तितका क्लोरीनचा मारा मंदावतो.

एका निवासी संकुलाच्या तलावावर मला बोलावले, तेव्हा चाचणीत क्लोरीन ३ पीपीएम होते, पीएचही योग्य होता, तरीही पाण्यातून तळाच्या फरश्या दिसत नव्हत्या. कित्येक हंगाम तेथे केवळ गोळ्याच वापरल्या जात होत्या आणि सायन्युरिक अ‍ॅसिड कोणी कधी मोजलेच नव्हते. चाचणीची मर्यादा ओलांडली जात असल्यामुळे मी नमुन्यात तितकेच साधे पाणी मिसळून मोजले व आकडा दुप्पट केला; तो १६० पीपीएम निघाला. निम्मे पाणी बदलावे आणि ते नीट मिसळल्यावर पुन्हा निम्मे बदलावे, असे मी सुचवले. व्यवस्थापनाला तो उशीर सहन होईना, म्हणून त्यांनी तांबेयुक्त शेवाळनाशक ओतले. पाणी हिरवेच राहिले आणि पायऱ्यांवर डाग उमटले. अखेरीस पाणी बदलावेच लागले आणि अ‍ॅसिड ४० पीपीएमवर आल्यावर साध्या द्रव क्लोरीनने शेवाळ मेले. एकाच डब्यात सर्व उपाय असल्याचा दावा करणाऱ्या औषधांवर माझा विश्वास नाही, तो अशाच अनुभवांमुळे. मात्र पाणी बदलताना तलाव पूर्ण रिकामा करू नये, कारण भूजल वर असेल तर रिकामी टाकी जमिनीतून उचलली जाऊ शकते.

शॉक देतानाही, म्हणजे शेवाळ मारण्यासाठी क्लोरीन एकदम वाढवतानाही, घाई नडते. प्रथम पीएच ७.२ च्या जवळ आणावा, कारण क्लोरीन फार वाढल्यानंतर पीएचच्या चाचणीवर विसंबता येत नाही. त्यानंतर सायन्युरिक अ‍ॅसिडच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे ४० पीपीएम अ‍ॅसिड असताना १६ पीपीएम, इतके क्लोरीन ठेवावे आणि ते घटेल तसे पुन्हा भरावे. पाणी निळे दिसू लागताच थांबणारे लोक काही दिवसांत पुन्हा हिरव्या पाण्यापाशी येतात. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी मोजावे. रात्रभरात क्लोरीन १ पीपीएमपेक्षा अधिक घटत असेल, तर पाण्यात शेवाळ अजून जिवंत आहे असे मी धरतो.

ब्रश न फिरवता केवळ रसायन ओतणे व्यर्थ आहे.

फिल्टरच्या बाबतीत नवखे लोक उलट्या दिशेने चुकतात: ते वाळूचा फिल्टर रोज बॅकवॉश करतात, म्हणजे पाणी उलटे सोडून धुतात. किंचित मळलेली वाळू स्वच्छ वाळूपेक्षा बारीक कण अधिक चांगले अडवते, त्यामुळे ती सतत धुतली की पाणी गढूळच राहते. बॅकवॉशनंतरचा दाब मी फिल्टरच्या अंगावरच लिहून ठेवतो आणि दाब दाखवणारे गेज त्याच्या ८ ते १० पीएसआय (दाबाचे एकक) वर गेल्याखेरीज व्हॉल्व्हला हात लावत नाही. शेवाळ मरत असताना हीच वेळ दिवसातून अनेकदा येऊ शकते, तेव्हा तितक्या वेळा बॅकवॉश करणे रास्त आहे. निर्णय गेजने द्यावा, दिनदर्शिकेने नव्हे. धुऊन झाल्यावर रिन्सची, म्हणजे पाणी सरळ दिशेने फिल्टरमधून नेऊन बाहेर सोडण्याची, अवस्था टाळू नये, अन्यथा सुटलेला मळ थेट तलावात परततो. पंप चालू असताना मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची (फिल्टरच्या पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेची) मूठ कधीही फिरवू नये, कारण आतील गॅस्केट फाटते आणि बॅकवॉशचे पाणी भलत्याच वाटेने जाऊ लागते. तळाशी बसलेला मेलेल्या शेवाळाचा थर फिल्टरमधून न नेता व्हॅक्यूमने थेट बाहेर सोडावा.

क्लोरीनची चाचणी एकाएकी रंगहीन आली, तर लगेच आणखी क्लोरीन ओतू नये. अतिरिक्त क्लोरीन चाचणीतील अभिकर्मकाचा (रंग आणणाऱ्या रसायनाचा) रंगच उडवू शकते, म्हणून नमुना साध्या पाण्याने पातळ करून पुन्हा मोजावा.

ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (तलावात वापरले जाणारे दुसरे क्लोरीनयुक्त संयुग) एकाच भांड्यात किंवा एकाच मापाने हाताळू नयेत. दोन्ही एकत्र आल्यास आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो.