गॅस भरण्याआधी गळती शोधा

एप्रिल लागला की ‘दादा, जरा गॅस मारून द्या’ हे दिवसातून चार वेळा ऐकतो. भांडुपला गाड्यांच्या एसीचं काम करतो मी. प्रत्येकाला माझा एकच प्रश्न असतो: आधीचा गॅस गेला कुठे? एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. छोट्या गाडीत असतो साधारण 400 ते 500 ग्रॅम. पाच-सात वर्षांत थोडा झिरपला तर समजू शकतो; एका उन्हाळ्यात दोनदा भरावा लागला तर कुठेतरी भोक आहेच.

सुरुवात डोळ्यांनी करा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं (म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) तेलही फिरतं, त्यामुळे गॅस जिथून सुटतो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. बॉनेट उघडून टॉर्च मारा. नळ्यांचे जोड, रबरी होज जिथे धातूत दाबलेला असतो ती जागा, कॉम्प्रेसरची पुढची बाजू, हे सगळं बघा. कंडेन्सर, म्हणजे गरम गॅस थंड करणारी जाळी, तर ग्रिलच्या मागे सगळ्यात पुढे असतो. आपल्याकडे समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरवर खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरते, ती दिसली की तिथे जास्त वेळ द्या. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर मात्र घाबरू नका. मुंबईच्या दमट हवेतलं ते पाणी आहे, गॅसचा त्याच्याशी संबंध नाही.

मग साबणाचं पाणी. भांडी घासायचा लिक्विड साबण थोड्या पाण्यात घट्टसर कालवा, इंजिन बंद ठेवा आणि ब्रशने संशयाच्या जागी लावा. मागच्या वर्षी घाटकोपरचे एक टॅक्सीवाले काका आले. दोन महिन्यांत दोनदा दुसरीकडे गॅस भरून झाला होता, आणि भरताना कोणी गळती बघितलीच नव्हती. गॅस भरायच्या वॉल्ववरची टोपी गायब होती. मी वॉल्वच्या तोंडावर फेस ठेवला आणि काकांना जवळ बोलावलं. आधी काहीच नाही. मग मोहरीएवढा बुडबुडा आला, हळूहळू वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी पुन्हा मोहरी. काका बघतच राहिले. गॅस मशीनने काढून घेतला, आतली पिन बदलली, नवी टोपी लावली. ही टोपी धुळीपुरती नसते, तीही गॅस अडवते. हरवली तर लगेच दुसरी लावा.

साबणात बारीक गळती दिसत नाही. त्यासाठी यूव्ही डाय, म्हणजे अतिनील (यूव्ही) उजेडात चमकणारा रंग, सिस्टीममध्ये भरतात. आठ-दहा दिवस एसी लावून गाडी चालवायची, मग अंधारात पिवळा चष्मा घालून यूव्ही टॉर्च मारायची. गळतीची जागा हिरवट-पिवळी चमकते. लीक डिटेक्टर, म्हणजे गळणारा गॅस हुंगणारं यंत्र, असेल तर पंखा बंद ठेवा, नाहीतर गॅस उडून जातो. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून यंत्राची नळी जोडाच्या खालून, सेकंदाला इंचभर अशी फिरवा.

सगळ्यात अवघड कूलिंग कॉइल (केबिनची हवा थंड करणारी जाळी), कारण ती डॅशबोर्डच्या आत असते. ब्लोअर पंधरा सेकंद पूर्ण वेगाने चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पाणी बाहेर पडतं त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी डिटेक्टर धरा. पाइप कोरडा हवा, पाणी आत गेलं तर यंत्र बिघडतं. एवढं केल्याशिवाय कोणालाही डॅशबोर्ड खोलू देऊ नका.

सिस्टीम पूर्ण रिकामी असेल तर गॅरेजवाल्याला नायट्रोजन भरून तपासायला सांगा. काही जण मशीनने आतली हवा ओढून व्हॅक्यूम करतात; तो टिकला म्हणून गळती नाही असं धरू नका. आतून ओढल्यावर काही ओ-रिंग (जोडातल्या रबरी रिंगा) घट्ट बसतात आणि दाब आल्यावर सुटतात. जोड स्वतः कधीही सैल करू नका. हा गॅस बाहेर पडताना उणे 26 अंशांपर्यंत थंड होतो. बोट भाजल्यासारखं होतं, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

एक जागा सापडली तरी बाकीचे जोड तपासून घ्या, बऱ्याचदा दुसरीही निघते. दुरुस्तीनंतर गॅस वजन करूनच भरून घ्या. किती ग्रॅम ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्याचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा.