गॅरिबाल्डीवर लिहिताय? या चुका टाळा

इटली एक करण्यासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीवर निबंध असो की भाषण, बहुतेकांचा पाय पहिल्याच ओळीत घसरतो: ‘गॅरिबाल्डीचा जन्म १८०७ साली इटलीतल्या नीस शहरात झाला.’ तेव्हा इटली नावाचं राज्यच नव्हतं आणि नीस होतं नेपोलियनच्या फ्रान्सकडे. पुढे ते सार्डिनियाच्या राजाकडे आलं आणि १८६० मध्ये सार्डिनियाचा पंतप्रधान काव्हूर याने पुन्हा फ्रान्सला देऊन टाकलं. ज्याने इटली जोडायला जीव पणाला लावला, त्याचंच गाव परक्या मुलखात गेलं! काव्हूरवरचा त्याचा राग कळायला हवा असेल, तर हा सल गाळू नका.

दुसरी चूक खास आपल्याकडची. सावरकरांच्या लेखणीमुळे इटलीच्या एकीचा पुरस्कर्ता मॅझिनी मराठी घरांत आधी पोचला, म्हणून गॅरिबाल्डीला सरसकट त्याचा शिष्य ठरवून आपण मोकळे होतो. तरुणपणी तो मॅझिनीच्या ‘तरुण इटली’ या गुप्त संघटनेत होता, १८३४ चा उठाव फसल्यावर त्याला मृत्युदंडही ठोठावला गेला, हे खरं. पण मॅझिनीला राजा नकोच होता. गॅरिबाल्डीने मात्र देश एक व्हावा म्हणून सार्डिनियाचा राजा पत्करला.

‘हजार सैनिकांनी सिसिली जिंकली’ हे वाक्य तर हमखास असतं. ते हजाराच्या थोडे वर होते, आणि त्यांत वकील, डॉक्टर, विद्यार्थी, कारागीर यांचाच भरणा. हातात जुन्या, गंजक्या बंदुका. ११ मे १८६० ला मार्सालाच्या बंदरात शिरताना त्यांच्या दोन बोटींपैकी ‘लोम्बार्दो’ तोंडाशीच गाळात रुतली. सिसिली तेव्हा नेपल्सच्या राजाकडे होती, त्यामुळे मागोमाग नेपल्सच्या युद्धनौका आल्या. पण जवळच इंग्रजांची जहाजं उभी, त्यामुळे तोफा डागायला त्यांनी वेळ लावला, तेवढ्यात माणसं किनाऱ्याला लागली. पुढे सिसिलीतले लोक येऊन मिळत गेले, म्हणून पालेर्मो हाती आलं. शौर्याइतकंच हेही लिहा. मला तरी त्यानं त्यांची हिंमत अधिकच मोठी वाटते.

अनीताला नुसती ‘पत्नी’ म्हणून एका ओळीत उरकू नका. ब्राझीलची ही बाई त्याच्या बरोबरीने लढली आणि रोमचं प्रजासत्ताक फ्रेंचांपुढे पडल्यावर माघारीच्या वाटेवर, ऑगस्ट १८४९ मध्ये, रावेन्नाजवळ वारली.

आणि रोम त्याने जिंकलं, असं तर मुळीच लिहू नका. २० सप्टेंबर १८७० ला शहरात शिरली ती इटलीच्या राजाची फौज. गॅरिबाल्डी तेव्हा काप्रेरा बेटावर होता. पुढच्याच महिन्यात तो प्रशियाशी लढायला फ्रान्सच्या मदतीला गेला.