वाडवडिलांचा घडीचा चाकू: साफ करा, पण पुसून टाकू नका

आजोबांच्या बंडीच्या खिशात आयुष्य काढलेला चाकू हातात आला की त्याला चकाचक करायची हुक्की येते. ती आवरा. पात्यावरचा निळसर-करडा काळपटपणा म्हणजे गंज नव्हे. साध्या पोलादाला केळीचा चीक, कांदा, लिंबू लागून तो वर्षानुवर्षं बसत जातो आणि लाल गंजाला थोडाफार अडवतोही. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात राबलेल्या चाकूवर तो असायचाच. काढायचा तो फक्त बोटाला लागणारा तांबूस गंज.

आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पात्याच्या बुडाशी कारखान्याचा ठसा किंवा खिळ्याने कोरलेली नावाची अक्षरं असू शकतात. उजेड तिरपा पाडला की ती उठून दिसतात. तेवढ्या जागेवर घासकाम करूच नका.

चाकू उघडून मुठीतली, पातं मिटतं ती खाच वर करा. तिच्यात तंबाखूचा भुगा, कापसाची तूस, वाळलेलं तेल यांचा घट्ट लगदा असतो. दात कोरायच्या काडीने तो उकरा. मग पातं ज्यावर फिरतं त्या खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी पातं सावकाश उघड-मीट करा. काळं तेल बाहेर येईल, ते फडक्याने टिपा. जवसाचं तेल नको. ते वाळून चिकटतं आणि पातं जाम होतं. अख्खा चाकू पाण्यात किंवा रॉकेलमध्ये बुडवणं तर नकोच. मूठ शिंगाची, हाडाची वा लाकडाची असेल तर फुगते, तडकते.

गंजाच्या ठिपक्यावर तेल लावून तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. पॉलिश पेपरने मात्र ठसाही जातो आणि रंगही.

धार लावायचीच असेल तर हातानेच लावा. फिरत्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं, कडेला निळी झाक येते आणि तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. मग धार टिकत नाही, आणि ते पाणी घरी परत चढवता येत नाही. १००० नंबरचा दगड भिजवून घ्या. पातं १५ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण ५ मिमी उचलून धरा आणि दोन्ही बाजू सारख्याच वेळा घासा. झिजून अरुंद झालेल्या पात्याचा आकार सरळ करायला जाऊ नका. ती झीज त्यांच्या हाताची आहे. आपल्याला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं दमट राहतं. पितळेवर हिरवा थर चढतो, पात्यावर गंज. तेलाचा हात फिरवून कोरड्या सुती कापडात गुंडाळा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा लाकडी मुठीचा चाकू पत्र्याखालच्या पेटीत नको. फळ कापण्याआधी तेल नीट पुसा.

सोबत एक चिठ्ठी हवी: कोणाचा, कुठून आणलेला, कशाला वापरायचे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर भरायला घरची म्हातारी माणसं जमतात, तेव्हाच विचारून लिहून घ्या. भावंडांत चाकू कोणाकडे राहणार हेही त्यातच नोंदवा.

पोरगं विमानाने नेणार असेल तर चाकू हातातल्या बॅगेत नको, तपासणीत काढून घेतात. चेक-इनच्या सामानात टाकायला सांगा.