मॉड्यूल लिंक करण्याआधीची तयारी

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात यायच्या आत आपल्या बाजारभावाच्या ॲपमध्ये नवा आलेख दिसायला हवा. आलेखाचं मॉड्यूल एका फोल्डरमध्ये, ॲप दुसऱ्यात, आणि दोन्ही रिॲक्टवर, म्हणजे ॲपचे पडदे बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर. सोमवारी परसोडीच्या आयटी पार्कात बसून 'एनपीएम लिंक' (मॉड्यूल प्रकाशित न करता त्याचं फोल्डर थेट ॲपला जोडणारी कमांड) चालवण्याआधी एवढं पक्कं करा, की रिॲक्टची प्रत एकच राहील आणि ती ॲपची असेल.

आधी मॉड्यूलचं पॅकेज डॉट जेसन, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची यादी असलेली फाइल, उघडा. रिॲक्ट साध्या डिपेन्डन्सीजमध्ये असेल तर तिथून काढून पीअर डिपेन्डन्सीजमध्ये, म्हणजे वापरणाऱ्या ॲपने पुरवायच्या पॅकेजेसमध्ये, टाका. मॉड्यूल रिॲक्ट १८ आणि १९ दोन्हींवर चालत असेल तर दोन्ही आवृत्त्या लिहा, उगाच एकीवर अडकू नका. चाचण्यांसाठी डेव्ह डिपेन्डन्सीजमध्येही (फक्त मॉड्यूल घडवताना लागणाऱ्या पॅकेजेसमध्ये) रिॲक्ट लागेलच, आणि खरी गोम तिथेच आहे. पीअर लिहिलं म्हणजे काम झालं असं पुष्कळांना वाटतं, पण लिंक केलेल्या फोल्डरपुढे ते पुरत नाही. लिंक म्हणजे ॲपच्या नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये (पॅकेजेस बसतात तिथे) ठेवलेली सिमलिंक, खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी. नोड ती उलगडून फोल्डरच्या खऱ्या पत्त्यावर जातो आणि तिथून वर वर रिॲक्ट शोधत निघतो. मग चाचण्यांसाठी आणलेलं रिॲक्ट त्याला सगळ्यात आधी सापडतं. दोन्हींची आवृत्ती तंतोतंत सारखी असली तरी मेमरीत त्या दोन वेगळ्या वस्तू. रिॲक्ट-डॉम (रिॲक्टचं काम ब्राउझरमध्ये दाखवणारं पॅकेज) हुक्सची, म्हणजे स्थिती वगैरे सांभाळणाऱ्या रिॲक्टच्या फंक्शन्सची, व्यवस्था ॲपच्या प्रतीत लावतो, आलेखाची प्रत रिकामी राहते, आणि 'इनव्हॅलिड हुक कॉल' येतो. अशा वेळी निर्दोष हुक्स तपासण्यात आख्खी दुपार जाते. म्हणून ही तयारी आधी.

डेव्ह डिपेन्डन्सीजमधून रिॲक्ट काढूनही भागत नाही. २०२० साली आलेल्या एनपीएम ७ पासून पीअर पॅकेजेस आपोआप बसवली जातात, त्यामुळे मॉड्यूलमध्ये पुन्हा इन्स्टॉल केलं की प्रत परत हजर.

मॉड्यूलचं बिल्डही पाहून घ्या. त्यात रिॲक्ट एक्स्टर्नल, म्हणजे बिल्डच्या बाहेर ठेवलेलं, हवं, आणि जेएसएक्स रनटाइमसुद्धा (एचटीएमएलसारख्या जेएसएक्स लिखाणासाठी लागणारा रिॲक्टचा भाग). हा दुसरा हमखास विसरला जातो. रिॲक्ट बिल्डच्या आतच बांधलं गेलं असेल तर पुढचे कुठलेच उपाय लागू पडत नाहीत.

आता ॲपची बाजू. ॲपचा कोड बांधायला व्हीट हे साधन असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये रिझॉल्वच्या डीड्यूपमध्ये (एकच प्रत वापरायच्या पॅकेजेसच्या यादीत) रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम लिहा. वेबपॅक हे साधन असेल तर त्याच्या कॉन्फिगमधल्या अलायसमधून दोन्हींना ॲपच्याच नोड मॉड्यूल्सचा पूर्ण पत्ता द्या. वेबपॅकमध्ये सिमलिंक उलगडणं बंद करण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण मॉड्यूलच्या आत स्वतःची प्रत असेल तर तरीही तीच आधी सापडते. मॉड्यूलच्या फोल्डरमधून ॲपच्या रिॲक्टलाच लिंक करण्याचा मार्गही चालतो, फक्त पुढच्या इन्स्टॉलमध्ये ती लिंक जाऊ शकते. मला कॉन्फिगवालाच पसंत आहे, कारण तो गिटमध्ये राहतो आणि उद्या येणाऱ्या नव्या सहकाऱ्यालाही मिळतो. राउटर (ॲपची पानं बदलणारं पॅकेज) दोन्हीकडे वापरत असाल तर त्याचंही नाव त्याच यादीत घाला, नाहीतर आलेखाला ॲपचा राउटर दिसणारच नाही.

दोन मॉड्यूल्स जोडायची असतील तर एकाच लिंक कमांडमध्ये दोन्ही नावं द्या. वेगवेगळी दिली की आधीची लिंक निघून जाते.

जोडल्यावर अंदाजावर राहू नका. ॲपमधलं रिॲक्ट आणि मॉड्यूलमधलं रिॲक्ट तात्पुरतं विंडोवर वेगवेगळ्या नावांनी ठेवा आणि कन्सोलमध्ये दोन्ही एकच आहेत का ते तपासा. 'ट्रू' आलं तरच आलेखाच्या कामाला हात घाला.

मॉड्यूल प्रकाशित करण्याआधी लिंक तोडा, 'एनपीएम पॅक' करून तयार झालेली फाइल ॲपमध्ये बसवा आणि आलेख पुन्हा चालवून बघा. त्यानंतर ॲपच्या पॅकेज डॉट जेसन आणि लॉक फाइलमध्ये (बसवलेल्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गिट काय बदल दाखवतं ते वाचा. तुमच्या मशीनवरचा पत्ता त्यात राहिला असेल तर कमिट करण्याआधी काढा.