पिंजऱ्यातली मत्स्यशेती: या चुका टाळा

"रात्रीत सगळे मासे गेले" असा, तलावात जाळ्याच्या पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्या कुणाचा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो, प्राणवायू कधी मोजला होता? उत्तर ठरलेलं: दुपारी, वरच्या पाण्यात. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असतं, तेव्हा मीटर लिटरला ८ मिलिग्रॅम दाखवणारच. तेच शेवाळ रात्रभर तो खातं. मोजायचं ते उजाडायच्या आधी, जाळ्याच्या बुडाशी. आकडा ५ च्या खाली दिसला तर त्या सकाळी मी खाद्याच्या पोत्याला हात लावत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. होडी फार वल्हवायला नको म्हणून जोडीदाराने काठाजवळचा शांत कोपरा धरला आणि मी मान डोलावली. तलाव तुडुंब असताना खोली मोजली, जाळ्याखाली ४ मीटर पाणी. उन्हाळ्यात उरलं जेमतेम १. त्याखाली उरलेल्या खाद्याचा नि विष्ठेचा काळा गाळ. एका संध्याकाळी वळीव कोसळला, गार वारा सुटला. वरचं पाणी थंड, जड होऊन खाली गेलं आणि तळाचं बिनप्राणवायूचं पाणी वर आलं. सकाळी काठापर्यंत सडक्या अंड्यांचा वास. दुपारपर्यंत आम्ही टोपल्यांनी मासे उपसत होतो. बाहेरचे मासे पळाले असतील, पिंजऱ्यातल्यांना वाट कुठे होती?

तेव्हापासून मी उन्हाळ्यातली सर्वांत कमी पातळी धरूनच खोली मोजतो आणि जाळ्याखाली निदान ३ मीटर मोकळं पाणी ठेवतो. पाणी खेळतं हवं, आणि दर हंगामानंतर जागा बदलायची. "एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावू की" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. गाळ तिथेच राहतो.

खाद्य तरंगतं घ्या, मुठीमुठीने टाका, झुंबड ओसरली की हात आवरा. लवकर वजन यावं म्हणून ओतणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं की खाद्यातला निम्म्याहून जास्त फॉस्फरस माशात राहतच नाही. तो पाण्यात उतरतो आणि तलाव हिरवा करतो.

जाळं शेवाळाने बुजलं की पाणी आत खेळत नाही, ब्रश मारा. मरतूक रोज काढून काठापासून लांब पुरा, तलावात भिरकावू नका. उघड्या पाण्यात औषध ओतणं म्हणजे सगळ्या तलावाला पाजणं.

आणि फाटकं जाळं "उद्या शिवू" म्हणणारे! तिलापिया मासा त्याच रात्री बाहेर पडतो, तलावात पिल्लं घालतो. मग त्याला परत गोळा करणं कुणाच्या हातात नाही.